बांबूच्या खुर्चीचा हक्क

चेंगदूचं नाव काढलं की चिनी माणूस हमखास एक जुनी म्हण ऐकवतो: तरुणपणी सिचुआनात शिरू नये, म्हातारपणी सिचुआन सोडू नये. इथलं सुख तरुणाची उमेद मारतं आणि म्हाताऱ्याला ते दुसरीकडं करमू देत नाही, असा तिचा अर्थ. सिचुआन प्रांताच्या या राजधानीची सगळी प्रसिद्धी त्या म्हणीवर उभी आहे. पर्यटकांसाठीच्या पत्रकांत पांडा असतो, झाकणाचा चहाचा वाडगा असतो, बांबूची खुर्ची असते आणि ‘निवांत शहर’ हे शब्द असतात. मला हे वर्णन अपुरं वाटतं आणि थोडं अन्यायाचंही. २०२० च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या दोन कोटी नऊ लाख भरली, ते शहर नुसत्या स्वभावाच्या जोरावर निवांत राहू शकत नाही. इतक्या माणसांना भर शहरात फुकट, किंवा एका चहाच्या पैशांत, अर्धा दिवस बसायला मिळत असेल तर ती जागा कुणीतरी राखलेली असते, कधीतरी कुणी त्यासाठी भांडलेलं असतं. आणि कुणाच्या तरी वाट्याला ती येतही नसते.

हे सगळं एकत्र पाहायचं तर शनिवारची सकाळ गाठावी. दिवस नोव्हेंबरचे असतील तर फारच उत्तम. चेंगदू डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसलंय. हिवाळाभर वर राखाडी ढगांचं झाकण. ‘सिचुआनचं कुत्रं सूर्य दिसला की भुंकतं,’ असं चिनी लोक म्हणतात ते याचमुळं. म्हणूनच ऊन पडलं की शहर घरात थांबत नाही. मी गेले त्या शनिवारी ऊन पडलं होतं.

मेट्रोच्या दोन नंबरच्या मार्गावर पीपल्स पार्कचं स्वतंत्र स्टेशन आहे. बाहेर आल्यावर पूर्वेच्या दारापाशी पायांत गवती चपला, पाठीवर टोपी आणि हातात बंदूक असा एक सैनिक पुतळा होऊन उभा आहे. १९३७ साली जपानशी लढायला सिचुआनची फौज निघाली, तिला याच बागेत निरोप दिला होता. आत शिरायला तिकीट नाही. अकरा हेक्टरांची, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस एकरांची बाग. सात वाजता तिच्यातली मोकळी फरशी शोधावी लागते. शेवंतीचं प्रदर्शन भरलेलं असतं, कुंड्यांच्या रांगांमधून म्हातारे नाक फुलाला टेकवून फिरतात. तळ्याच्या काठी एक गट संथ ताई-ची करतो. त्याच्या पलीकडं चौघंजणी पिसांचं फूल पायानं उडवतात. त्यातली सर्वांत वयस्कर बाई पाठ वळवून, टाचेनं, न बघता ते परतवते. एकजण लांब दांड्याचा स्पंजचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतो आणि दोन बघे एका फटकाऱ्याच्या वळणावरून त्याच्याशी वाद घालतात. समूहगायनाचा गट जुनी क्रांतिकाळातली गाणी म्हणतो, शंभरेक गळे, पुढं हातवारे करणारा निर्देशक. आणि मग नाच. चाकांच्या ट्रॉलीवर बांधलेला स्पीकर, समोर रांगा, प्रत्येक रांगेत दहा-बारा बाया, सगळ्यांचा उजवा पाय एकाच वेळी पुढं.

या बायांकडं पाहताना पहिला प्रश्न मनात येतो तो त्यांच्या वयाचा. पुष्कळजणी पन्नाशीच्या आसपासच्या दिसतात आणि असतातही. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून कामगार स्त्रिया पन्नासाव्या वर्षी, कचेरीतल्या स्त्रिया पंचावन्नाव्या वर्षी आणि पुरुष साठाव्या वर्षी निवृत्त होत आले. बागांच्या सकाळीला हा जो हुरूप आहे, त्यामागं हा कायदा आहे. धडधाकट, गुडघे शाबूत असलेली, दरमहा पेन्शन घेणारी लाखो माणसं एकाच वेळी मोकळी झाली. १ जानेवारी २०२५ पासून ही वयं हळूहळू वाढायला लागली आहेत. पंधरा वर्षांत ती अनुक्रमे पंचावन्न, अठ्ठावन्न आणि त्रेसष्ट होतील. बागेत या विषयावर बोलणं काढलं की नाच थांबवूनही लोक बोलतात.

माझ्याबरोबर सिचुआन विद्यापीठात शिकणारा एक तरुण दुभाष्या म्हणून आला होता. तो इथं प्रत्येक वयस्कर बाईला ‘न्यांगन्यांग’ म्हणत होता. आपल्याकडं मावशी म्हणतात, त्याच आपुलकीनं. स्पीकरची ट्रॉली सांभाळणाऱ्या न्यांगन्यांगनी आम्हाला बाजूच्या कट्ट्यावर बसवलं. शहराच्या पूर्वेला पहिल्या पंचवार्षिक योजनेत सोव्हिएत मदतीनं उभी राहिलेली इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत होती; तिथल्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली. त्या सांगत होत्या, “कारखान्यात सगळं होतं. जेवणाचा हॉल, न्हाणीघर, सिनेमा, शनिवारचा नाच. नवऱ्याची आणि माझी ओळख तिथल्याच नाचात झाली. मग कारखाना बंद पडला, आम्हाला घरी बसवलं. घरी बसून काय करणार? खोली केवढी असते!” त्या भागातल्या जुन्या कारखान्यांच्या इमारतींत आता चित्रप्रदर्शनं आणि कॅफे आहेत. त्या तिकडं जात नाहीत. इकडं येतात.

बागेतल्या नाचाबद्दल इतर देशांतून जे लिहिलं जातं, त्यात कुतूहल असतं, कधी थट्टाही. त्या मावशींच्या बोलण्यानंतर मला त्यात दुसरं काहीतरी दिसायला लागलं. १९६८ नंतर शाळा सोडून खेड्यांत पाठवलेल्या शहरी मुलामुलींची संख्या सुमारे एक कोटी सत्तर लाखांवर गेली होती. त्यांतले बरेचजण परत आले, सरकारी कारखान्यांत लागले, आणि नव्वदच्या दशकात त्यांना घरी पाठवलं गेलं. ज्या पिढीला राहणं, जेवणं, गाणं सगळं गटानं करायची सवय लावली गेली आणि मग गटच काढून घेतला, त्या पिढीनं फरशीवर तो पुन्हा उभा केलाय. रांगेत तुमची जागा ठरलेली असते. दोन दिवस आला नाहीत तर फोन येतो. आवाजाचा त्रास खरा आहे, शेजारच्या इमारतींतून तक्रारी होतात. जून २०२२ पासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नव्या कायद्यात सार्वजनिक जागी नाचगाण्याचा आवाज मर्यादेत ठेवायचं बंधन आलं आहे. मावशींच्या गटानं स्पीकरची पट्टी खाली आणली. नाच चालू आहे.

बागेच्या मधोमध झाडांच्या वर एक दगडी मनोरा दिसतो. एकतीस मीटरांहून उंच. बरेच पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढं जातात. खाली वाकून चौथरा पाहिला तर त्यावर रेल्वेचे रूळ, इंजिन आणि सिग्नलचे दिवे कोरलेले दिसतात. १९१३ साली उभारलेलं हे स्मारक रेल्वेसाठी मेलेल्या माणसांचं आहे, आणि त्याची हकीकत सांगितल्याशिवाय मला या बागेबद्दल लिहिता येणार नाही.

सिचुआनला शेजारच्या हूपे प्रांतातल्या हानखौशी जोडणारी रेल्वे बांधायला १९०४ साली एक प्रांतीय कंपनी निघाली. परकीयांचं कर्ज नको, प्रांताचा पैसा प्रांतानं घालायचा, हा बाणा. पैसा उभा केला तो जमिनीच्या उत्पन्नावर सक्तीची पट्टी बसवून. त्यामुळं इथला शेतकरी, त्याला हवं असो-नसो, रेल्वेचा भागधारक झाला. मे १९११ मध्ये पेकिंगच्या छिंग दरबारानं मुख्य रेल्वेमार्ग सरकारजमा केले आणि ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन व अमेरिकी बँकांच्या गटाकडून कर्ज काढलं. प्रांत पेटला. जूनमध्ये चेंगदूत रेल्वे-रक्षक संघ निघाला, ऑगस्टमध्ये दुकानं आणि शाळा बंद झाल्या. ७ सप्टेंबरला प्रांताधिपती चाओ अरफंग यानं पुढाऱ्यांना पकडलं. त्यांना सोडा म्हणून जमाव कचेरीसमोर गेला, तेव्हा सैनिकांनी गोळ्या चालवल्या. तीसहून जास्त माणसं मेली.

शहराच्या वेशी बंद, तारा तोडलेल्या. तेव्हा क्रांतिकारकांनी लाकडाच्या शेकडो फळ्या कापल्या, त्यांवर बातमी लिहिली, तुंगाच्या तेलाचा हात दिला आणि त्या नदीत सोडून दिल्या. प्रवाहाबरोबर त्या गावोगाव पोहोचल्या. या प्रकाराला ‘पाण्याची तार’ असं नाव पडलं. सिचुआन आवरायला दरबारानं शेजारच्या हूपे प्रांतातली फौज हलवली. तिकडचं वूचांग त्यामुळं रिकामं पडलं आणि १० ऑक्टोबरला तिथं उठाव झाला. दोन हजार वर्षांहून जुनी बादशाही त्यानंतर काही महिन्यांत संपली. आणि रेल्वे? चेंगदूतून छुंगछिंगला जाणारी पहिली गाडी १ जुलै १९५२ ला सुटली. ज्यांच्या शेतावर पट्टी बसली होती, त्यांच्या नातवंडांनी ती पाहिली असेल.

ही बागसुद्धा त्याच १९११ सालची. आधी इथं मांचू सैनिकांचं बंदिस्त ठाणं होतं. हान चिनी माणसाला आत मुक्त वावर नव्हता. छिंग राजवटीच्या अखेरच्या वर्षी तिथल्या मांचू सेनापतीनं ठाण्यातल्या एका भागाची सार्वजनिक बाग केली. आज जिथं मावशी ट्रॉली लावतात ती फरशी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्यासारख्यांना बंद होती.

आता चहा. तळ्याच्या काठी ‘ह-मिंग’, म्हणजे क्रौंचाची हाक, या नावाचं चहाघर १९२३ पासून आहे. लाकडी कमान, मागं मोठा मांडव, झाडांखाली शेकडो बुटक्या बांबूच्या खुर्च्या. हातांच्या टेकूला पॉलिश नाही, माणसांच्या तळव्यांनीच ते गुळगुळीत झालेत. मी मोगऱ्यानं वासवलेला हिरवा चहा मागितला. तुम्ही मागाल ती पत्ती वाडग्यात घालून देतात, उकळतं पाणी ओततात आणि शेजारी मोठा थर्मास ठेवून जातात. त्यानंतर कुणीही उठा म्हणत नाही. चहाचे पैसे एकदाच, पाणी हवं तितकं.

वाडग्याचे तीन भाग: खाली बशी, मध्ये वाडगा, वर झाकण. बशीसकट उचलायचा, म्हणजे बोटं भाजत नाहीत. झाकण थोडं तिरकं धरून त्याच्या कडेनं वर आलेली पत्ती मागं सारायची आणि त्या फटीतून घोट घ्यायचा. पहिल्या पाण्यात मोगराच जास्त लागतो. दुसऱ्या पाण्यात पत्ती खाली बसते आणि चहा खरा बोलायला लागतो. माझ्या मते तिसरं पाणी सर्वांत चांगलं; त्यात कडवटपणा उतरतो आणि गोडवा जिभेच्या मागच्या बाजूला राहतो. झाकण बशीला टेकवून ठेवलं तर पाणी घाला. झाकण उताणं वाडग्यावर ठेवलं तर आटोपलं, आवरा. उठून जरा फेरी मारायची असेल तर वाडग्यावर काहीतरी खूण ठेवून जायचं, तुमची खुर्ची कुणी घेत नाही.

या साध्या वाटणाऱ्या व्यवहाराच्या मागं शहराचा मोठा इतिहास आहे. वांग दी या इतिहासकारानं आपलं आयुष्य चेंगदूच्या चहाघरांच्या अभ्यासाला दिलंय. एक ग्रंथ १९०० ते १९५० या काळावर, दुसरा नंतरच्या समाजवादी काळावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फू छोंगच्यू नावाच्या स्थानिक माणसानं शहराची पाहणी केली होती, ती वांग दी पुढं ठेवतो: ५१६ रस्ते आणि ४५४ चहाघरं. म्हणजे जवळजवळ दर रस्त्याला एक. इतकी का? विहिरींचं पाणी खारट होतं. चहाला नदीचं पाणी लागायचं, ते कावडींनी, गाड्यांनी वेशीबाहेरून आणावं लागायचं, आणि घरोघरी ते परवडत नसे. जळण महाग. त्यामुळं सकाळी तोंड धुवायचं गरम पाणीसुद्धा लोक चहाघरातून विकत नेत. कितीतरी चहाघरांच्या पाटीवर ‘नदीच्या पाण्याचा चहा’ असं लिहिलेलं असे. हे नदीचं पाणी शहराला मिळालं ते इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली पिंग या अधिकाऱ्यानं बांधायला घेतलेल्या तुच्यांगयेनच्या बांधामुळं; तो बांध आजही चालू आहे. निवांतपणाचं मूळ शोधायचं तर ते स्वभावाच्या आधी पाण्यात आणि सरपणात शोधावं लागतं.

चहाघर म्हणजे नुसत्या गप्पा, असंही नव्हतं. शाळामास्तरांच्या नेमणुका तेव्हा सहा-सहा महिन्यांच्या असत. चांद्रवर्षाच्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात शहरातले बेकार आणि धास्तावलेले शिक्षक याच ह-मिंगमध्ये जमत. शाळांचे चालक येत, एकेका टेबलावर बोलणी होत, कुणाला जागा मिळे, कुणाला नाही. चेंगदूकर त्याला सहावीची-बारावीची लढाई म्हणत. या खुर्च्यांवर केवढी काळजी बसून गेली असेल! सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चहाघरांना टाळी लागली. चकाट्या पिटणं हाच गुन्हा ठरलेल्या वर्षांत ती उघडी राहणं शक्यच नव्हतं. सत्तरचं दशक सरल्यावर ती पुन्हा उघडली.

आमच्या टेबलाजवळून कान साफ करणारा माणूस चिमट्यासारखी लांब पोलादी पट्टी वाजवत गेला. त्या ‘टण्ण’ आवाजावरूनच गिऱ्हाईक त्याला ओळखतं. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी त्याला थांबवलं. कपाळावरचा दिवा लावून त्यानं एकामागून एक काड्या काढल्या: बारीक चमचा, पातळ पातं, शेवटी हंसाच्या पिसांचा झुबका. झुबका कानात असताना त्याच्या दांडीला त्यानं ती पट्टी वाजवून टेकवली, आणि इतका वेळ कठोर चेहऱ्यानं बसलेले गृहस्थ डोळे मिटून हसायला लागले. हे काम पाहताना भीती वाटते, पण त्याच्या मनगटाची स्थिरता पाहिली की ती जाते.

चहाघरातून बाहेर पडून डावीकडं वळलं की कागद दिसायला लागतात. दोरीला, झुडपांना, फलकांना लावलेले शेकडो कागद. जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, महिन्याचा पगार, स्वतःचं घर आहे की नाही, चेंगदूची कायम नोंदणी आहे की नाही. ही स्थळं आहेत. मुलं-मुली इथं नसतात. त्यांचे आईवडील असतात, हातात वही घेऊन. पुष्कळदा मुलांना माहीतही नसतं. या पालकांना प्रत्येकी एकच अपत्य, कारण १९८० पासून २०१५ संपेपर्यंत नियमच तसा होता. २०१३ साली चीनमध्ये एक कोटी चौतीस लाख सत्तर हजारांच्या आसपास विवाह नोंदले गेले. २०२४ साली एकसष्ट लाख सहा हजार. अकरा वर्षांत निम्म्याहून कमी. एका वडिलांनी माझ्या दुभाष्याला थेट वय आणि उंची विचारली. तो लाजला, पण त्यानं उत्तर दिलं. त्या गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, “मुलगी ऐकत नाही. पण मी दर शनिवारी येतो. इथं माझ्यासारखे शंभर भेटतात.” लग्न जुळो न जुळो, ही शंभर माणसं त्यांना सावरतात. ते ऐकताना मला गलबलून आलं.

दक्षिणेकडं युलिन नावाची वस्ती आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या पाच-सहा मजली इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, रस्त्यावर झाडांची दाट सावली. तिथल्या मंडईत आम्ही दहाच्या सुमारास पोहोचलो. सकाळची मोठी गर्दी ओसरली होती. दारात कमळकाकड्या चिखलासकट रचलेल्या, पलीकडं जाड देठाचे सॅलडचे दांडे, आल्याचे कोवळे गुलाबी कोंब, माशाच्या वासाची ती पांढरी मुळं जी सिचुआनी माणूस कच्ची खातो आणि चीनमधले बरेचजण नाक दाबतात. लोणच्यांच्या गाळ्यावर काचेच्या मोठ्या बरण्या. बरणीच्या तोंडाभोवती पाण्याची पन्हळ असते, झाकण त्या पाण्यात बसतं. आतला वायू बुडबुडे होऊन बाहेर जातो, बाहेरची हवा आत शिरत नाही. मिठाचं जुनं पाणी पिढ्यानपिढ्या टिकवतात. शेजारी पिदूच्या बाजूची मिरची आणि बाकल्याच्या दाण्यांची आंबवलेली लाल-काळी चटणी, जिच्यावाचून इथला कुठलाच रस्सा होत नाही.

मिरची इथं पाहुणी म्हणून आली. चिनी ग्रंथांत तिचा उल्लेख १५९१ साली मिळतो, तोही दिसायला सुंदर म्हणून. सिचुआनचं खरं जुनं तिखट मसाल्याच्या गाळ्यावर पोत्यांत होतं. त्याला ह्वाच्याव म्हणतात. दुकानदारीणबाईंनी चिमूटभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले. लालसर तपकिरी, खडबडीत, टोकाशी उकललेले, आतलं काळं बी पडून गेलेलं. मी वास घेतला आणि पुन्हा घेतला. हे तिरफळ होतं! अगदी तेच नाही. आपलं कोकणातलं आणि गोव्यातलं तिरफळ याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचं. बी टाकायचं आणि साल वापरायची ही रीत मात्र तीच. दाणा चावल्यावर आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग ओठांना मुंग्या. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी या मुंग्या मोजल्या, तेव्हा ओठांना जाणवणारी थरथर सेकंदाला पन्नासेक कंपनांची निघाली. आमच्याकडं हे बांगड्याच्या आमटीत घालतात, असं मी सांगितलं. बाईंनी विचारलं, तेलात परतता की वरून टाकता? वरून ठेचून, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांच्या मते आधी तेलात टाकल्याशिवाय त्याचा वास उतरत नाही. ते परतून पाहायचं मी कबूल केलं.

मंडई अशी भरलेली राहते यामागंही शासनाचं धोरण आहे. १९८८ साली चीननं ‘भाजीची टोपली’ नावाची योजना सुरू केली. शहराला लागून भाजीची जमीन राखणं, दूध, अंडी, मांस, भाजी यांचा पुरवठा आणि भाव सांभाळणं ही जबाबदारी थेट महापौरावर टाकली. नंतरच्या काळात सुपरमार्केट आली, फोनवर मागवलं की अर्ध्या तासात घरी भाजी येऊ लागली. तरी युलिनची मंडई गजबजलेली आहे, कारण इथं भाजी आज कापलेली असते आणि निवडून घेता येते. पैसे सगळे फोनवरून. गाळ्यावर टांगलेला चौकोन टिपायचा, की यंत्र किती युआन आले ते मोठ्यानं सांगतं. निघताना भाजीवाली पिशवीत दोन कांद्याच्या पाती टाकते, जशी आपल्याकडं कोथिंबिरीची काडी मिळते तशी.

मंडईच्या मागच्या दाराशी एक आजी जमिनीवर प्लास्टिक अंथरून वाटाण्याच्या वेलाचे कोवळे शेंडे विकत होत्या. थंडीत चेंगदूच्या प्रत्येक घरात ही भाजी शिजते. नखानं मोडला तर काटकन तुटेल तो शेंडा चांगला. वय अडुसष्ट. पहाटे तीनला उठून शेतात खुडणी, मग पहिली बस. दुभाष्यानं विचारलं, “न्यांगन्यांग, बागेत जाता का कधी?” त्या म्हणाल्या, “कुठली बाग?”

त्या एका उत्तरानं सकाळभर पाहिलेलं सगळं माझ्या डोळ्यांपुढं पुन्हा उभं राहिलं. ट्रॉलीवाल्या मावशी आणि या आजी एकाच पिढीच्या. एकीकडं शहरातल्या नोकरीची पेन्शन. दुसरीकडं खेड्यातल्या वृद्धाला मिळणारी रक्कम, जिचा केंद्र सरकारनं ठरवलेला किमान भाग २०२४ साली महिना १२३ युआन होता. प्रांत त्यात भर घालतात, पण अंतर बुजत नाही. बांबूच्या खुर्चीचा हक्क जन्माच्या नोंदवहीतल्या शहरी किंवा ग्रामीण या शब्दावर ठरलेला आहे. सिचुआनच्या त्या पहिल्या रेल्वेचा पैसाही शेतकऱ्याच्या जमिनीतूनच आला होता. आणि ज्यांना हक्क मिळालाय, तेही तो गृहीत धरत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये आरोग्यविम्याच्या खात्यातली रक्कम कापली, तेव्हा वूहानमधले पेन्शनर हजारोंच्या संख्येनं रस्त्यावर आले. त्यांचा दुसरा मोर्चा चोंगशान पार्कच्या दारात जमला. रोज सकाळी एकत्र नाचणारी, गाणारी माणसं एकमेकांना नावानिशी ओळखतात. हे त्यांचं बळ आहे, आणि चेंगदूच्या त्या दगडी मनोऱ्याला ते नवं नाही.

शहराचा कारभार मात्र बागांवर भर देतो आहे. २०१८ पासून चेंगदूनं ‘बागेचं शहर’ हे आपलं धोरण ठरवलंय. शहराभोवती शंभर किलोमीटरचा हिरवा सायकलमार्ग झाला, शनिवार-रविवारी तो तरुणांनी फुललेला असतो. २०२४ मध्ये चिनी तरुणांत बागेत रोज वीस मिनिटं बसायची टूम निघाली. वीस मिनिटंच का, असं मी विचारलं, तेव्हा दुभाष्या म्हणाला, “त्याहून जास्त सुट्टी कुठाय?” सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, हा त्याच्या वर्गमित्रांच्या नोकरीचा हिशेब.

रविवारी त्यानं मला विद्यापीठाला लागून असलेल्या वांगच्यांगलौ बागेत नेलं. थांग राजवटीतली कवयित्री शुए थाओ हिच्या नावानं ओळखली जाणारी विहीर तिथं आहे. ती रंगीत कागद स्वतः बनवायची, असं सांगतात. नदीकाठी १८८९ सालचा लाकडी मनोरा आणि दोनशेंहून जास्त जातींचे बांबू. पीपल्स पार्कपेक्षा इथं बरीच शांतता. बांबूंच्या बेटात पत्ते आणि माहजाँग यांचे डाव चाललेले. आम्ही तिथं पुन्हा मोगऱ्याचा चहा घेतला. दुभाष्याची आई कापडाच्या दुकानात नोकरी करते. नव्या वेळापत्रकानं तिची निवृत्ती काही महिने पुढं गेली. तिनं तिच्या वस्तीतल्या नाचाच्या गटात आधीच नाव घातलंय, लाल पंखाही आणून ठेवलाय; पण तूर्तास तिला शनिवार-रविवारच मिळतो. बाकीच्या पाच दिवसांत शिकवलेल्या नव्या पावलांचे व्हिडिओ गटातल्या बायका तिला पाठवतात, आणि ती ते रात्री स्वयंपाकघरात, टाइल्सवर, चपला काढून करून पाहते.